पहिली-दुसरीच्या पहिल्या आठवड्यात क्राफ्ट काय घ्यावं? वीस आयडिया नकोत, चार-पाच वस्तू पुरतात

नमस्कार मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडते. तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात शिक्षणसेविका म्हणून नव्यानेच हजर झालात, शाळा दोनशिक्षकी, तुमच्याकडे पहिली-दुसरी एकत्र, पट २४. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात घ्यायला तुम्हाला १५-२० सोप्या क्राफ्ट आयडिया हव्यात. व्हिडिओ बरेच बघितलेत पण सगळ्यात ग्लू गन, फोम शीट, चकचकीत टिकल्या असलं काय काय लागतं, शाळेत त्यातलं काहीच नाही, पहिलीची मुलं रडतात, दुसरीची पाच मिनिटांत "झालं बाई" म्हणून उठतात, आणि त्यात केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेटीला येणार म्हणून वर्ग सजलेला दिसायला हवा.

मी पण जिल्हा परिषदेच्याच शाळेत आहे, भीमाशंकरच्या बाजूला, पाऊस तुमच्याकडच्यासारखाच, आणि बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच माझ्याकडे असते. तर तिथून सांगते.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, रडणारं, बुजलेलं मूल वर्गात कसं बसेल. दोन, हातकाम कसं शिकवायचं. तीन, भिंती कशा भरायच्या. व्हिडिओवाल्या क्राफ्टने फक्त तिसरा प्रश्न सुटतो, तोही बाईंनी स्वतः रात्री जागून कापाकापी केली तर. मूल फक्त तयार डोळा तयार चेहऱ्यावर चिकटवतं, त्यात त्याचं काय झालं? पहिल्या आठवड्यात मला स्वतःला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, दुसरा त्याच्या मागोमाग आपोआप येतो, आणि तिसरा शनिवारपर्यंत मुलांच्याच कामाने सुटतो. म्हणून वीस आयडिया मी देणार नाही. रोज नवी गोष्ट आणली की मुलाला रोज नव्याने भीती वाटते, आणि तुमचा अर्धा वेळ सूचना देण्यात जातो. एकच वस्तू दोन-तीन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळू द्या, मूल दुसऱ्या दिवशी "हे मला येतं" म्हणून स्वतःहून बसतं.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगते. अंगणवाडीत नियमित गेलेली मुलं असतील तर त्यांना गोल करून बसणं, खडू धरणं माहीत असतं, नसतील तर पहिले दोन दिवस नुसतं बसण्यात जातात आणि ते जाऊ द्यावेत. शाळापूर्व तयारीचा मेळावा तुमच्याकडे झाला असेल तर प्रत्येक मुलाचं विकासपत्र असेल, ते शाळेतून मागून घ्या, त्यात कोणाला काय जमलं होतं त्याच्या खुणा असतात. घरची भाषा हा तर फार मोठा मुद्दा. तुमच्याकडची बरीच मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलत असतील, आपली पुस्तकी मराठी त्यांना पहिल्या दिवशी निम्मीसुद्धा कळत नाही, आणि ती गप्प बसतात म्हणून आपण त्यांना मठ्ठ समजतो. हातकामाचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे, त्याला बोलावं लागत नाही. तुम्ही करून दाखवायचं, त्याने बघून करायचं. आणि करता करता ते त्याच्या भाषेत जे शब्द बोलेल ते तुम्ही शिकून घ्यायचे. पानाला काय म्हणतात, चिखलाला काय म्हणतात, विचारा त्यांना, ज्या मुलाने बाईंना शब्द शिकवला ते दुसऱ्या दिवशी रडत नाही असा माझा अनुभव आहे.

सुरुवात कागद फाडण्यापासून

पहिल्या दिवशी मी फक्त जुना पेपर घेते. ना कात्री, ना डिंक, ना रंग. प्रत्येकाच्या हातात एकेक पान द्यायचं आणि फाडायचं. रडणाऱ्या मुलाला "ये, बस, रडू नको" असं काही म्हणायचं नाही, ते दाराशी दप्तर धरून उभं असेल तर तिथेच त्याच्या हातात पान द्यायचं आणि आपण त्याच्या शेजारी बसून आपलं पान फाडायचं. कागद फाटताना जो आवाज येतो ना चर्रर्र, त्याने मूल थांबून बघतंच, आणि एवढा कागद फाडला तरी कोणी रागवत नाही हे बघून त्याला शाळेबद्दल काहीतरी बरं वाटतं. काही मुलं पहिल्या दिवशी नुसती बघतात, बघू द्या.

यात शिकवायला भरपूर आहे. पेपर वरून खाली फाडला की सरळ लांब पट्टी निघते, तोच आडवा फाडायला गेलं की वेडावाकडा जातो. कागद बनतानाच त्यातले तंतू जास्त करून एका दिशेने बसतात म्हणून असं होतं. हे मुलांना आधी सांगू नका, दुसरीच्या मुलांना म्हणा "कोणाची पट्टी सगळ्यात लांब आणि सरळ?", दहा मिनिटांत कोणीतरी एक शोधून काढतं आणि मग सगळ्यांना सांगत सुटतं. पाच मिनिटांत उठणारी दुसरीची मुलं इथे बसतात, कारण त्यांना शोधायला काहीतरी मिळालेलं असतं.

पहिलीचं वेगळं. तिथे तुम्ही हातांकडे बघा. बरीच मुलं मुठीत कागद धरून ओढतात, मग तो कुठेही फाटतो. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जवळजवळ ठेवून, एक हात आपल्याकडे आणि एक पुढे, असं थोडं थोडं फाडायचं हे करून दाखवा. पुढे पेन्सिल धरायला जी चिमूट लागते तीच ही. पालकांनी विचारलं ना की "बाई शाळेत कागद फाडायला पाठवतो का पोराला", तर हेच सांगायचं, आणि तोंडी न सांगता त्यांच्याच हातात एक तुकडा देऊन सांगायचं. एनसीईआरटीचा पहिलीसाठीचा विद्याप्रवेश कार्यक्रम २०२१ सालचा, त्यात पहिले तीन महिने खेळातूनच तयारी करायची आहे, त्यामुळे "अभ्यास सोडून हे काय" असं कोणी वरून म्हणालं तर तुमच्याकडे उत्तर आहे.

फाडलेले तुकडे टाकायचे नाहीत. लांब पट्ट्या एका खोक्यात, बारीक तुकडे दुसऱ्या खोक्यात, आणि हे मुलांनीच भरायचं. माझ्या मते पहिल्या आठवड्यातली सगळ्यात मोठी कमाई हीच, की सामान घ्यायचं कुठून आणि परत ठेवायचं कुठे हे मुलांना कळलं. हे जमलं नाही तर पुढे वर्षभर क्राफ्टचा तास म्हणजे बाईंनी केर काढायचा तास होतो.

खळ, आणि डिंकाचं एक बोट

दुसऱ्या दिवशी चिकटवणं. फेव्हिकॉलचा डबा असेल तर चांगलंच, नसेल तर खळ करा. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना सांगितलं की त्या करून देतात. अर्धी वाटी मैदा (कणीकही चालते, जरा मळकट दिसते इतकंच), आधी थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग सगळं मिळून अडीच वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं, घट्ट होऊन चकाकी आली की उतरवायची. २४ मुलांना एका दिवसाला एवढी पुरते. जुनी माणसं खळ टिकावी, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची, ते आपल्याकडे अजिबात नको, विषारी आहे आणि पहिलीचं मूल बोट तोंडात घालतंच. पावसाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते म्हणून रोज थोडीच करायची, उरली तर टाकून द्यायची.

इथे एक नियम मी सुरुवातीलाच लावते, डिंकाचं बोट एकच. उजव्या किंवा डाव्या, ज्याचा जो चालता हात त्याचं पहिलं बोट फक्त खळीत, बाकीची चार कोरडी. आणि प्रत्येक गटात एक ओलं फडकं. दुसरं म्हणजे खळ तुकड्याला लावायची नाही, खालच्या कागदाला लावायची आणि वरून तुकडा ठेवायचा. लहान तुकड्याला खळ लावायला गेलं की तो बोटालाच चिकटतो, मूल झटकतं, मग वैतागतं, मग रडतं. नुसती बाजू बदलली की निम्मी रडारड कमी होते.

चिकटवायचं काय? बाहेर जे चाललंय तेच, पाऊस. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी पाठ घ्या, वर काळे ढग म्हणून पेपरमधल्या फोटोंचे गडद तुकडे, खाली पट्ट्या. कोणाचा पाऊस आडवा पडेल, कोणाच्या ढगाच्या वर पाऊस असेल. असू द्या. "असा नसतो पाऊस" म्हणून आपण जाऊन तुकडा सरळ करायचा नाही. एवढी एक गोष्ट कृपा करून पाळा. मुलाच्या कामाला आपण हात लावला की त्याला कळतं की माझं चुकलं, आणि पुढच्या वेळी ते कागद आपल्यापुढे धरून "बाई तुम्हीच करा" म्हणतं. मदत करायचीच तर दुसऱ्या कागदावर करून दाखवा.

नावाची पत्रिका

हे मात्र पहिल्या आठवड्यात झालंच पाहिजे. जुन्या लग्नपत्रिका गावात भरपूर मिळतात, त्याची कोरी बाजू घ्या, जाड मार्करने मुलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, कडेला मोकळी जागा सोडा. मोकळ्या जागेत मूल बोटांचे ठसे उमटवणार. ऑफिसात शिक्क्याचं पॅड असतंच, पण ती शाई दोन दिवस निघत नाही, आणि हेडसरांना विचारून घ्या. त्यापेक्षा गेरू पाण्यात कालवून त्यात थोडी खळ घातली की छान ठसा उठतो, हळदीचा पिवळा, कोळसा वाटून काळा. तुमच्या भागात वारली घरं पण आहेत, तिथल्या मुलांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रं बघितलेली असतील. पुठ्ठ्याला गेरू लावून वाळवला आणि तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने ठिपके द्यायला दिले तर पहिलीचं मूलसुद्धा न सांगता रमतं. काडीचं टोक आधी ठेचून मऊ करून द्या.

नाव लिहिताना एक लक्षात ठेवा. रजिस्टरमध्ये एक नाव असतं आणि घरी दुसरंच. दाखल्यावरचं नाव मुलाने कधी ऐकलेलंच नसतं, तुम्ही हजेरीला हाक मारता आणि ते आपलं बसून राहतं, आणि आपण समजतो ऐकू येत नाही की काय. आईला किंवा तिसरी-चौथीतल्या भावंडाला विचारा घरी काय म्हणता. पत्रिकेवर दोन्ही नावं लिहा, घरचं वर आणि शाळेचं खाली. रोज सकाळी आल्यावर खोक्यातून आपली पत्रिका शोधायची आणि दोरीला चिमट्याने लावायची, हीच हजेरी. आठवडाभरात बहुतेकांना अक्षर येत नसलं तरी आपली पत्रिका ठशांवरून ओळखू येते, मग हळूहळू नावाच्या आकारावरून. दुसरीच्या मुलांनी स्वतःचं नाव स्वतः लिहावं, चुकलं तरी.

ठसेकाम करताना भाजीचं

भेंडीचे, कांद्याचे ठसे सगळे सांगतात. भेंडी आडवी कापली की साधारण पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, सुंदर दिसतं. पण मी अख्खी भेंडी रंगात बुडवत नाही. ज्या घरात भाजी मोजून येते त्या मुलाच्या समोर खायची भाजी रंगात घालणं मला पटत नाही, आणि मुलंही बघत असतात. देठाकडचा जो भाग आपण कापून टाकतोच तो मावशींकडून मागून घ्या, कांद्याचं मुळाकडचं टोक घ्या, तेवढ्याने काम होतं. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला तर आत छान जाळी दिसते, तिचा ठसा भारी येतो, फक्त चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, म्हणून कापून, धुऊन, पुसून द्या. अळूचा देठ मात्र नको, खाजतो.

पानं

आपल्याकडे जूनमध्ये सगळ्यात फुकट आणि सगळ्यात श्रीमंत सामान म्हणजे पानं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यात, १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, बालशिक्षणाचं जे काम केलं ते याच रस्त्यावरचं, विकतच्या महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, खडे, शंख-शिंपले असं मुलांच्या ओळखीचं सामान. तिथली मुलंही तुमच्याकडच्यासारखीच पाड्यांवरची. त्यामुळे सामान नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

सागाची कोवळी पानं हातावर चोळली की लाल रंग निघतो, तुमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना हे आधीच माहीत असेल. त्यांनाच दाखवायला सांगा. तो रंग कागदावर बोटाने फासून काय हवं ते काढू द्या. पिंपळ, आंबा, पळस, जांभूळ यांचे खडूने उठाव घ्यायचे तर पान आधी पुसून पेपरच्या घडीत दाबून थोडं सुकवा, शिरांची बाजू वर करून ठेवा, त्यावर पातळ कागद (ड्रॉइंगचा जाड कागद चालत नाही, वहीचं पान बरं), आणि मेणखडूचा कागद काढून तो आडवा धरून घासायचा. उभा धरला की कागद फाटतो. पहिलीच्या मुलांचं पान घसरतं, म्हणून जोडी करा, एकाने कागद धरायचा, दुसऱ्याने घासायचं, मग बदलायचं. ही जोडी शक्यतो पहिली आणि दुसरीची असू द्या. दुसरीच्यांना सांगून ठेवा की तोंडाने सांगायचं, हाताने करून द्यायचं नाही.

पण पानं गोळा करायला मुलांना एकटं झुडपात सोडू नका. जूनच्या पहिल्या पावसात साप-विंचू बाहेर पडलेले असतात. मैदानात, मोकळ्या जागेत पडलेलीच उचलायची, किंवा तुम्ही येताना आणा. आणि काही गोष्टी वर्गात नकोतच. गुंजा दिसायला इतक्या छान की मुलं खिशात घेऊनच येतात, पण त्या विषारी आहेत. एरंडाच्या बिया तशाच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, बिब्ब्याने कातडीला फोड येतात. एकूणच पहिल्या आठवड्यात बियांचं काम मी टाळते, चिंचोके, डाळी, खडे काहीच नाही, कारण मूल अजून आपल्या ओळखीचं नसतं आणि नाकात-कानात काय घालेल सांगता येत नाही. महिनाभराने घ्या, तोवर कोण कसं आहे ते कळलेलं असतं.

माती

पावसामुळे माती कालवलेलीच असते, फक्त खडे, काचा बघून घ्या. गोळी, साप, वाटी या तीन गोष्टी पहिलीला पुष्कळ. गोळी करताना दोन्ही तळवे फिरतात, साप करताना सगळी बोटं लागतात, वाटी करताना अंगठा आत दाबायला लागतो. दुसरीला बैल, चूल, भाकरी, घर, जे सुचेल ते. घरी शेतीची कामं चालू असतात, मुलं तेच करतात, नांगर पण करतात आणि तो आपल्यापेक्षा बरोबर करतात.

अडचण ही की आठ-दहा दिवस ऊनच नसतं, वस्तू वाळत नाहीत. चुलीजवळ ठेवल्या तर तडकतात. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते की आज करायचं, सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं आणि मग माती परत एका गोळ्यात. आधी सांगितलं असलं की मुलं रडत नाहीत, मागाहून सांगितलं की खूप वाईट वाटतं त्यांना. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तीच माती चालते. मातीकाम जेवणाच्या सुट्टीच्या आधी ठेवा, म्हणजे हात धुणं आणि खिचडीची रांग एकातच होते.

कात्री आणि घड्या

पहिलीला पहिल्या आठवड्यात कात्री नको असं माझं मत. फाडणं नीट आलं की कात्री पटकन येते. आणि २४ मुलांना चार कात्र्या असल्या तर भांडणंच जास्त. दुसरीला द्या, बोथट टोकाच्या, बसूनच वापरायच्या, अंगठा वर ठेवून, आणि वळण आलं की कात्री न वळवता दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. वर्गात एखादं डावखुरं मूल असेलच. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पात्याने रेघ झाकली जाते, त्याला दिसतच नाही कुठे कापतोय, म्हणून त्याचं वाकडं जातं. त्याला वेंधळा म्हणू नका आणि हात तर मुळीच बदलायला लावू नका, त्याला फाडून करू द्या, डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते ती नंतर मागवता येईल.

घडीकामात दुसरीला टोपी आणि होडी. टोपीला पेपरचं एकच पान घ्या, पूर्ण जोडपान घेतलं तर टोपी गळ्यापर्यंत येते. पहिलीला फक्त एक घडी, कोपऱ्यावर कोपरा ठेवून नखाने दाबायची. ती सुद्धा सगळ्यांना जमत नाही आणि ठीक आहे. होड्या केल्या की पाऊस थांबल्यावर ओहोळात सोडायला न्या. नुसती होडी करून भिंतीला चिकटवली तर मुलाला त्यात काही अर्थ वाटत नाही.

मधेच एकदा एकत्र सांगते, म्हणजे बाजारातून काय आणायचं ते कळेल. जुने पेपर, कॅलेंडर आणि लग्नपत्रिका गावातून मागायच्या. मैदा, गेरू, हळद, एक मार्कर, मेणखडूच्या दोन पेट्या, सुतळी आणि कपड्याचे चिमटे एवढंच विकत. शाळेचं अनुदान जूनमध्ये हातात नसतं, पण हे फार थोड्या पैशात होतं. पहिला दिवस फाडणं, दुसरा चिकटवणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नावाची पत्रिका आणि ठसे, मग पानं, माती जमेल तशी, दुसरीला घडीकाम बाजूने चालू. हा क्रम पावसावर हलवा. धो धो पाऊस असेल आणि निम्मीच मुलं आली तर नवीन काही सुरू करू नका, कालचंच परत घ्या.

वेळेचं म्हणाल तर पहिलीला एका वेळी वीस मिनिटं खूप झाली, पण दिवसात दोनदा घेता येतं. दोन वर्ग एकत्र असताना एका वर्गाचं हातकाम आणि दुसऱ्याचं लिखाण असं आलटून पालटून केलं तर तुम्हाला एका वेळी दहा-बारा मुलांकडेच बघावं लागतं. आणि बघाच. एक साधी वही ठेवा, प्रत्येक मुलाला एक पान. कोण मुठीने फाडतं, कोण डाव्या हाताने करतं, कोण कागद अगदी नाकाजवळ नेतं (त्याचे डोळे तपासायला सांगा, आरोग्य पथक येईल तेव्हा पहिलं नाव त्याचं द्या), मागून हाक मारली तर कोण वळत नाही, कोणाला चिखलात हात घालायला किळस वाटते. जुलैमध्ये पेन्सिल हातात देताना ही वही मला कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

केंद्रप्रमुखांची भेट आणि भिंती

काळजी करू नका. वर्गात आडव्या दोऱ्या बांधा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. आपण सगळं आपल्या उंचीला लावतो आणि मुलांना ते दिसतच नाही. पावसाळ्यात भिंती ओलावतात, चिकटवलेलं सगळं गळून पडतं, म्हणून चिमटेच बरे. लावायचं तर सगळ्यांचं, फाटलेलं, वेडंवाकडं, अर्धवट सगळं. "छान छान" निवडून लावलं की ज्याचं नाही लागलं ते मूल ते विसरत नाही. स्टार, नंबर, बक्षीस पहिल्या आठवड्यात काहीच नको. प्रत्येक कामाखाली मुलाने त्याबद्दल जे सांगितलं ते एक वाक्य तुम्ही त्याच्याच बोलीत लिहा, "हा आमचा पाडा आणि हा पूर" असं. भेटीला आलेल्या माणसाला २४ एकसारखे जोकर दिसण्यापेक्षा हे वाचायला मिळालं तर तो थांबून वाचतो, मी बघितलंय. आणि कोणी म्हणालंच की सजावट कमी आहे, तर ती वही दाखवा.

एकसारखे २४ जोकर, २४ फुलपाखरं यावर माझा खरंच आक्षेप आहे. ग्रुपवर फोटो टाकायला बरे दिसतात. पण ते बाईंच्या हातचं काम असतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला हे बरोबर समजतं. पालखीचे दिवस जवळ असतील तर दिंडीच्या पताका जरूर करा, पण पताकेवर काय काढायचं ते मुलाने ठरवू दे.

शेवटचं. पहिल्या आठवड्यात २४ पैकी सगळी येणार नाहीत. पेरणी चालू असते, कोणी मामाकडे असतं, कोणाचे आईबाप कामासाठी बाहेर गेलेले अजून परतायचे असतात. त्यांच्या पत्रिका पण आताच लिहून ठेवा आणि कोऱ्याच दोरीला लावा. मूल दोन आठवड्यांनी आलं तरी त्याचं नाव वर्गात आधीपासून असलं पाहिजे. आल्या दिवशी बाकीचे काहीही करत असोत, त्याला पेपरचं पान द्यायचं आणि फाडण्यापासून सुरू करायचं, शेजारी दुसरीचं एखादं समजूतदार मूल बसवायचं.

खळ पातळ झाली, गेरू उठत नाही असं काही अडलं तर इथेच विचारा. आणि तुमच्याकडे अंगणवाडीतून किती मुलं आलीत ते कळवलंत तर दुसऱ्या आठवड्याचं त्याप्रमाणे सांगते.